भाच्याची उंची सहा फूट तीन इंच, आणि वेम्बन्यामाची पहिली वर्षं

कुळागर

नमस्कार मंडळी. बास्केटबॉल बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. प्रश्न घरचा आहे.

माझा भाचा यंदा दहावीला. वय पंधरा, उंची सहा फूट तीन इंच, आणि अजून वाढतोच आहे. आमच्या फोंड्यात एवढा उंच मुलगा दिसला की लोक त्याला फुटबॉलच्या गोलात नेऊन उभा करतात. याला शाळेतल्या पीटीच्या सरांनी बास्केटबॉलकडे नेलं. गेल्या वर्षी आंतरशालेय सामन्यांत तो खरंच छान खेळला आणि तेव्हापासून 'गोव्याचा वेम्बी' हे नाव त्याला चिकटलं. वेम्बी म्हणजे व्हिक्टर वेम्बन्यामा, अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळणारा फ्रान्सचा तो उंचच उंच बास्केटबॉलपटू. आता बाजारात नारळ घ्यायला गेलो तरी नारळवाला विचारतो, "वेम्बी कितें म्हणटा?"

गेल्या आठवड्यात परराज्यातल्या एका अकादमीतून फोन आला. दहावी झाल्यावर लगेच या, राहणं-जेवण-शिक्षण आमचं, दोन वर्षांत देशाच्या शिबिरापर्यंत नेतो. भावोजी हरखून गेलेत. बहिणीला झोप नाही. मुलगा मोबाईलवर रात्रभर वेम्बन्यामा बघतो.

मला आधी हे समजून घ्यायचंय की ज्याचं नाव याला दिलंय, त्याचं पंधरा ते एकवीस या वयात नेमकं काय झालं. क्लिपांत फक्त डंक (चेंडू वरून बास्केटात घालणं) आणि ब्लॉक (समोरच्याची फेक अडवणं) दिसतात. आणि दुसरं, तुमच्यापैकी कोणी या वयात घर सोडून खेळायला गेलं असेल तर त्यांनी मोकळेपणी लिहावं.

रिबाउंड_राजा

मामा, धागा उत्तम. जरा सविस्तर लिहितो, कारण हा माझा आवडता विषय.

व्हिक्टर वेम्बन्यामाचा जन्म ४ जानेवारी २००४ चा, पॅरिसजवळच्या ल शेने गावचा. आई बास्केटबॉल खेळलेली आणि मुलांना शिकवणारी, वडील उड्यांच्या प्रकारांतले ॲथलीट. म्हणजे खेळणारं शरीर कसं जपायचं हे घरात माहीत होतं. नांतेर ९२ या क्लबात तो लहानाचा मोठा झाला आणि पंधराव्या वर्षीच युरोपातल्या क्लबांच्या युरोकप स्पर्धेत सामना खेळला. पण लगेच त्याच्यावर सगळा संघ टाकला नाही, काही मिनिटं मिळायची आणि बाकी वेळ सराव.

सतराव्या वर्षी तो आस्वेलला गेला. फ्रान्सचा जुना स्टार खेळाडू टोनी पार्करचा क्लब, यूरोलीग ही युरोपातली सर्वांत वरची क्लब स्पर्धा खेळणारा मोठा संघ. तिथलं वर्ष दुखापतींत गेलं: बोट मोडलं, खांदा दुखावला, शेवटी कमरेजवळच्या स्नायूमुळे हंगाम लवकर संपला. मग २०२२ मध्ये तो आस्वेल सोडून मेट्रोपॉलिटन्स ९२ मध्ये आला. हा यूरोलीग न खेळणारा संघ, पण प्रशिक्षक व्हॅन्सां कोले, जे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. मोठ्या नावापेक्षा खेळायला मिळणारी मिनिटं आणि शिकवणारा माणूस निवडला. माझ्या मते त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतला हा सगळ्यांत शहाणा निर्णय.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला जी लीग इग्नाइट या अमेरिकन संघाविरुद्ध दोन प्रदर्शनी सामने झाले. त्यात ३७ आणि ३६ गुण. जगभर बोभाटा झाला तो तिथून. फ्रेंच लीगमध्ये सरासरी २१.६ गुण, सर्वोत्तम खेळाडूचा मान, संघ अंतिम फेरीत. २२ जून २०२३ ला एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत) पहिला निवडला.

आणि तरीही समर लीगच्या (हंगामाआधीच्या नवख्यांच्या सामन्यांच्या) पहिल्या सामन्यात तेरा फेकींपैकी दोनच आत गेल्या, गुण ९. लोकांनी एका रात्रीत त्याला फुगा ठरवलं. दोन दिवसांनी २७ गुण आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू). भाच्याला हे दोन्ही सामने सलग दाखवा. क्लिपांपेक्षा जास्त शिकेल.

मांडवीकाठ

राजा, तुमचा अभ्यास मान्य. पण मला हे 'पिढीत एकदा' प्रकरण पटत नाही. तिकिटं आणि जर्सी विकायला तयार केलेली हवा आहे ही. पहिल्या हंगामात स्पर्स ८२ पैकी किती जिंकले? २२. एवढा मोठा खेळाडू आणि संघ तळाला! आपल्याकडे क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर पुतळे जाळले असते.

रिबाउंड_राजा

@मांडवीकाठ, २२ बरोबर आहे. पण तो यायच्या आधीच्या हंगामातही स्पर्स २२ च जिंकले होते. तळाचा संघ होता म्हणूनच तर पहिली निवड मिळाली. सगळ्यांत खालच्या तीन संघांना लॉटरीत पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्के होती, त्यात यांची चिठ्ठी निघाली.

पुढचं बघा. त्या हंगामात सलग १८ सामने हरले, क्लबच्या इतिहासातली सर्वांत लांब मालिका. १९ वर्षांचा मुलगा, रोज हरून कॅमेऱ्यासमोर बसायचा. सुरुवातीला संघाने पॉइंट गार्डच्या (चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्याच्या) जागी वेगळा प्रयोग केला आणि वेम्बीला सेंटरऐवजी (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागेऐवजी) फॉरवर्डला खेळवलं. डिसेंबरमध्ये त्याला सेंटरला आणला आणि त्याचा खेळ खुलला. जानेवारीत डेट्रॉइटविरुद्ध फक्त २१ मिनिटांत १६ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट (ज्यावर सोबत्याने गुण केले असे पास). फेब्रुवारीत लेकर्सविरुद्ध २७ गुण, १० रिबाउंड, ८ असिस्ट, ५ स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ५ ब्लॉक, एकाच सामन्यात.

हंगामाअखेर सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड, ३.६ ब्लॉक. सर्वोत्तम नवोदित एकमताने, आणि बचावातल्या पहिल्या पाचांत येणारा पहिलाच नवोदित. हे सगळं ४८ मिनिटांच्या खेळात सरासरी जेमतेम तीस मिनिटं खेळून. स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉपोविच त्याला दमवत नव्हते. हवा असती तर १८ पराभवांत विरून गेली असती.

मांडवीकाठ

आधीच्या वर्षीही २२ होते हे मला माहीत नव्हतं. तो मुद्दा मागे घेतो. तरी एक म्हणेन: पंधराव्या वर्षी कुणाला 'पुढचा अमुक' म्हणणं त्या मुलावर अन्याय आहे. फोंड्याच्या मुलावर तर जास्तच, कारण त्याच्यामागे नांतेरही नाही आणि कोलेही नाही.

अबोली

+१ मांडवीकाठ. कुळागर, भाच्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा आधी. घरातून सुरुवात करा, बाजार आपोआप बदलेल.

सत्तरीकर

मी जरा उलट बोलतो. लेब्रॉन जेम्स थेट हायस्कूलमधून एनबीएत आला. २००२ मध्ये, शाळेत असताना, अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर. २००३ ला क्लीव्हलँडकडून पहिली निवड. ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटोला पहिला सामना, २५ गुण, ९ असिस्ट. क्लीव्हलँड आधीच्या वर्षी १७ जिंकले होते, याच्या पहिल्याच वर्षी ३५. मग काय वाईट झालं? संधी दार ठोठावते तेव्हा बारावी, बारावी करत बसलं तर ती पुढच्या घरी जाते. आमच्या वाळपईत असे किती गुणी पोर बघितले, आईबापांनी हात धरून ठेवले आणि आज दुकानात बसलेत.

डोंगरवाट

@सत्तरीकर, लेब्रॉन हे उदाहरण म्हणून धरणं म्हणजे एका माणसाला लॉटरी लागली म्हणून सगळ्यांनी तिकीट काढणं. त्याच्या दोन वर्षं आधी, २००१ मध्ये, क्वामी ब्राऊन असाच थेट हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, वॉशिंग्टनकडे. पहिल्या वर्षी सरासरी ४.५ गुण. त्या मुलाचं पुढे लोकांनी किती वर्षं हसं केलं! खरं तर तो बारा हंगाम एनबीएत टिकला. जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये बारा वर्षं टिकणाऱ्याला अपयशी कसं म्हणायचं? पण 'पहिला क्रमांक' ही मोजपट्टी त्याच्या गळ्यात अडकली ती अडकलीच.

आणि ग्रेग ओडन. २००७ ला पहिला, त्याच्या मागे दुसरा केव्हिन ड्युरंट. ओडनच्या गुडघ्यावर एकही सामना खेळण्याआधी शस्त्रक्रिया झाली, पूर्ण हंगाम गेला. सगळ्या कारकिर्दीत मिळून १०५ सामने. त्याच्यात काही कमी नव्हतं, शरीराने साथ दिली नाही.

अमेरिकेनेही पुढे नियम बदलला. २००६ पासून ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण होत नसतील तर प्रवेशच नाही.

सत्तरीकर

ओडनचं वाचून वाईट वाटलं. पण दुकानात बसलेल्या पोरांचं माझं म्हणणं कायम आहे. त्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि मन नाही. तेही मोजा कुठेतरी.

हाडवैद्य_बाय

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हापशात काम करते. वरचं सगळं वाचलं. पोटतिडकीने लिहितेय कारण दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे अशी चार-पाच मुलं येतात.

वाढीच्या वयात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि कंडरे मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे कंडरा नडगीच्या हाडाला धरतो तिथे ओढ बसते, सूज येते, उडी मारली की दुखतं. मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं तर संघाबाहेर बसवतील ही भीती. कुळागर, भाच्याला विचारा: जिना उतरताना दुखतं का? गुडघे टेकून देवाला नमस्कार करताना दुखतं का? 'थोडंसं' म्हणाला तर 'बरंच' समजा. हा त्रास बहुतेकांचा वाढ थांबली की जातो, पण तोवर उड्यांची संख्या मोजून द्यावी लागते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि झोप. रात्रभर मोबाईल हे सगळ्यांत आधी बंद.

वेम्बन्यामाचं मला काय आवडतं सांगू? पायाच्या बोटांचे, तळव्यांचे व्यायाम. अनवाणी चालण्याचे, बोटांच्या ताकदीचे. सव्वासात फुटांच्या वर गेलेलं शरीर ज्या दोन तळव्यांवर उभं आहे, त्यांची काळजी तो लहानपणापासून घेतो. आणि ड्राफ्ट झाल्यावर लगेच २०२३ च्या विश्वचषकाला त्याने नाही म्हटलं. देशासाठी खेळायचं होतंच, पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध २६ गुण केले, रौप्यपदक घेतलं. पण त्या उन्हाळ्यात शरीराला विश्रांती हवी होती आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला ते सांगता आलं.

तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये उजव्या खांद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली आणि हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. इतकी काळजी घेऊनही असं होऊ शकतं. म्हणून अकादमीला पहिला प्रश्न हा विचारा की मुलगा आजारी पडला किंवा गुडघा गेला तर इलाज कोण करणार, आणि त्या वर्षी त्याला ठेवणार की घरी पाठवणार. उत्तर लेखी घ्या.

अबोली

बाय, तुमच्या प्रतिसादाला शंभर फुलं. माझा मुलगा व्हॉलीबॉल खेळतो, आज रात्री त्याला जिन्यावरून उतरवून बघते.

पेडण्याचो

अवांतर: उंच मुलांच्या आईवडिलांना विचारतो, बूट कुठून आणता? पुतण्याला तेरा नंबर लागतो. पणजीत सगळी दुकानं पालथी घातली. अकराच्या वर विचारलं की दुकानदार आधी पायाकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. आणि कदंबच्या सरकारी बसमध्ये उभं राहिलं की मान वाकडी. पेडणे ते पणजी मान वाकडी म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

अबोली

ऑनलाईन मागवा, पण पाऊल संध्याकाळी मोजा, खेळून आल्यावर. तेव्हा थोडं फुगलेलं असतं. सकाळी मोजून मागवलेले आम्ही दोनदा परत पाठवले.

पेडण्याचो

देव बरें करूं!

टीचरबाय

मी निवृत्त शिक्षिका, डिचोलीची. बास्केटबॉल मला नातवामुळे समजतो. पण स्पर्सचं नाव आलं म्हणून टिम डंकनची गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्या समुद्राकाठच्या लोकांची आहे.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. मुळात जलतरणपटू, ऑलिंपिकची स्वप्नं बघणारा. १९८९ मध्ये ह्यूगो वादळ आलं आणि बेटावरचा तरणतलाव उद्ध्वस्त करून गेलं. समुद्रात सराव करायचा तर शार्कची भीती. मग पोहणं सुटलं. पुढच्याच वर्षी आई कर्करोगाने गेली. त्यानंतर, नववीच्या वयात, हा मुलगा बास्केटबॉलकडे वळला. विचार करा, ज्या वयात आपण म्हणतो 'आता उशीर झाला', त्या वयात त्याने चेंडू हातात धरला.

कॉलेजात असताना एनबीएवाले मागे लागले होते. पदवी पूर्ण करीन असं आईला दिलेलं वचन होतं, म्हणून चार वर्षं वेक फॉरेस्टलाच राहिला. १९९७ ला पहिली निवड, स्पर्सकडेच. पुढे पाच अजिंक्यपदं. त्याच क्लबचा डेव्हिड रॉबिन्सन १९८७ ला पहिला निवडला गेला, पण नौदलातली दोन वर्षांची नोकरी करून १९८९ ला मैदानात उतरला. क्लब थांबला. वाट बघणं त्या घराच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि वेम्बन्यामा तशा घरात पडला हे त्याचं भाग्य.

सत्तरीकर, तुमची कळकळ मला समजते. माझ्याही वर्गातली अशी मुलं मला रस्त्यात भेटतात. पण शिक्षण हे दाराला लावलेलं कुलूप आहे असं मांडू नका. डंकनला त्याने कुठे अडवलं?

सत्तरीकर

टीचर, डंकनच्या आईची गोष्ट वाचून गप्प बसलो. खरं सांगतो.

नवा_भिडू

आपल्या सतनामसिंगचं कोणीच कसं लिहिलं नाही? पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. २०१५ ला डॅलस मॅव्हरिक्सनी ५२ व्या क्रमांकाने निवडला, एनबीएत निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्या सकाळी मी कॉलेजच्या हॉस्टेलवर नाचलो होतो. पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. टेक्सास लेजेंड्सकडून खालच्या लीगमध्ये खेळला, पुढे कॅनडात, नंतर व्यावसायिक कुस्तीत गेला.

उंची होती, मेहनत होती. पण ज्या वयात फ्रान्सचा मुलगा रोज वरच्या दर्जाच्या खेळाडूंविरुद्ध चेंडू ड्रिबल करत (जमिनीवर उसळवत पुढे नेत) होता, त्या वयात आपल्याकडे उंच मुलाला बास्केटखाली उभा करून 'इथून हलू नकोस' सांगतात. वेम्बन्यामा गार्डसारखा चेंडू खेळवतो म्हणून तो वेम्बन्यामा आहे. मामा, भाच्याला चेंडू खेळवायला देतात का, हे अकादमीत स्वतः बघा.

डोंगरवाट

हा मुद्दा लाखमोलाचा. माझ्या शाळेत मीच तो 'हलू नकोस' मुलगा होतो. तीन वर्षांत डाव्या हाताने एकदाही ड्रिबल केलं नाही.

खारवट

मी सहसा वाचनमात्र असतो. कुळागर यांनी घर सोडलेल्यांना विचारलंय म्हणून लिहितो.

मी सोळाव्या वर्षी गेलो. राज्याचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. मडगावच्या स्टेशनवर आई आली होती, डब्यात सोलकढी भरून दिली होती आणि ती रत्नागिरी येईपर्यंत नासली. पहिले सहा महिने फार छान गेले. पहाटे साडेचारला उठायचो, खेळ महिन्याभरात बदलला, इथल्या चार वर्षांत शिकलो नव्हतो ते शिकलो. हे प्रामाणिकपणे सांगतो, सगळं वाईट नव्हतं.

मग गुडघा सुजला. तिथे डॉक्टर नव्हते, एक मसाजवाला होता. मी दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण माझ्या जागेसाठी सहा मुलं बाहेर उभी होती. घरी फोन केला तरी सांगितलं नाही, कारण बाबांनी सगळ्या वाड्यात पेढे वाटले होते. शेवटी एका सामन्यात उतरताना पाय दुमडला. तीन आठवड्यांनी सामान बांधून परत आलो. अकरावी बुडाली होती.

मला सगळ्यांत जास्त काय लागलं? गुडघा नाही. परत आल्यावर सहा महिने मी मैदानासमोरून जाताना रस्ता बदलायचो. लोक विचारायचे, "कितें रे, इंडिया टीम?" ते वाईट नव्हते, प्रेमानेच विचारायचे.

आज मी शनिवार-रविवार मुलांना शिकवतो. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये गोव्यात झाल्या तेव्हा माझी चार मुलं घेऊन बास्केटबॉल बघायला गेलो. मधल्या सुट्टीत एकजण म्हणाला, "सर, तुम्ही पण असे खेळायचात?" मी हो म्हणालो. बऱ्याच वर्षांनी हो म्हणालो.

मामा, त्याला पाठवा किंवा पाठवू नका. पण पाठवलात तर त्याला एक वाक्य सांगून पाठवा, की दुखलं तर फोन कर आणि परत आलास तर आम्ही स्टेशनवर असू. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

टीचरबाय

बाळा, तुझी मुलं भाग्यवान आहेत.

मांडवीकाठ

खारवट, नमस्कार घ्या.

हाडवैद्य_बाय

खारवट, तो गुडघा अजून त्रास देतो का? जुन्या दुखापतीवरही काम करता येतं. व्यनि (खाजगी निरोप) करते.

कुळागर

मंडळी, चार दिवसांनी येतोय. मध्ये चवथ होती, घर भरलेलं.

काल रात्री आरती झाल्यावर सगळ्यांना सोप्यावर बसवून हा धागा मोठ्याने वाचला. भावोजी सतनामपर्यंत हो-हो करत होते. खारवट यांचा प्रतिसाद सुरू झाल्यावर उठून अंगणात गेले, परत आले ते गप्पच. बहिणीने एवढंच विचारलं, "त्या वेम्बन्यामान शाळा पुरी केली?" राजा, तुम्हीच सांगा.

भाच्याला जिन्याचं विचारलं. 'थोडंसं' म्हणाला. मग बहिणीने देवासमोर गुडघे टेकायला लावले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीपासून दुखतंय आणि पोर बोललं नाही. आम्ही सगळे त्याला वेम्बी, वेम्बी म्हणत होतो, त्याला बोलायला जागाच कुठे ठेवली होती?

सोमवारी म्हापशाला येतोय, बाय. वेळ व्यनित कळवा.

अकादमीला फोन केला. इलाजाचं विचारलं तर म्हणाले, "ते आल्यावर बघू." लेखी मागितलं तर दोन दिवस उत्तर नाही. सध्या ठरलंय असं: दहावी, मग इथेच बारावी. उन्हाळ्यात दोन महिन्यांचं शिबिर कुठे चांगलं असेल तर तिथे जाईल. सत्तरीकर, तुमचे दुकानातले पोर डोक्यात आहेत. म्हणून भावोजींनी शब्द दिलाय, की बारावीनंतर तो स्वतः जायचं म्हणाला तर कुणी हात धरणार नाही.

खारवट, तुम्ही शनिवारी कुठे शिकवता? फोंड्याहून दीड तासाच्या आत असेल तर मी स्वतः गाडीने आणीन.

रिबाउंड_राजा

हो, ताईंना सांगा, फ्रान्समधली बारावीसारखी परीक्षा, बाकालोरिया, त्याने पूर्ण केली. क्लबमधून खेळत खेळत.

खारवट

मडगावजवळ, सकाळी साडेसहाला. पाऊस असेल तर शाळेच्या सभागृहात. गुडघा बरा होईपर्यंत त्याला उडी मारू देणार नाही. खुर्चीवर बसून डाव्या हाताने ड्रिबल करील, डोंगरवाट यांच्या वाटणीचंही. घेऊन या.

पेडण्याचो

भाच्याचा बुटांचा नंबर किती? पुतण्याचे तेरा नंबरचे लहान झालेत, चार महिनेच वापरलेले. शनिवारी मडगावला येतोच आहे, घेऊन येतो.